वजन घटविण्याच्या प्रयत्नांतील सातत्य आणि सकारात्मक मनोवृत्ती : एक विवेचन

बीजसंज्ञा : स्थूलता, सातत्य, सकारात्मक मनोवृत्ती, कंबरेचा घेर, पाळीचे काम, सामाजिक आधार

प्रस्तावना

२०१८-१९ च्या सुमारास महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत आणि महाविद्यालयांच्या स्टाफरूममध्ये ‘दीक्षित की दिवेकर?’ हा प्रश्न मोठ्या चवीने चर्चिला जात होता. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीच्या आधारे, कडक भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच आणि प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवावे, असा आग्रह धरला. ऋजुता दिवेकर यांनी मात्र थोड्या थोड्या अंतराने, घरचे व आपल्या मातीतले अन्न खावे, असे सांगितले. दोन्ही बाजूंना निष्ठावान अनुयायी लाभले, विनोदही पुष्कळ झाले. सदर वाद आहारशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचा असला, तरी त्यात एक प्रश्न बाजूला राहिला. ज्यांनी त्या वर्षी मोठ्या उत्साहाने एखादी पद्धती स्वीकारली, त्यांपैकी किती जण पुढील वर्षी तिच्यावर टिकून होते, आणि जे टिकले नाहीत त्यांनी स्वतःविषयी कोणते मत करून घेतले?

या प्रश्नाचा उत्तरार्ध प्रस्तुत लेखकास अधिक गंभीर वाटतो. चार महिने नेटाने प्रयत्न करून काटा हलत नाही म्हणून सोडून देणारी व्यक्ती बहुधा ‘आपल्यातच दम नाही’ असा निष्कर्ष काढते. त्या चार महिन्यांत तिच्या शरीरात हितकारक बदल घडलेले असण्याचा संभव पुष्कळ असतो. परंतु तिने जे साधन मोजमापासाठी निवडले होते, त्यास ते बदल दिसतच नाहीत. वजन घटविताना मनोबल का खचते आणि ते कशाच्या आधारावर टिकू शकते, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पद्धती आणि सातत्य

एम. एल. डॅन्सिंजर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत १६० व्यक्तींवर केलेला एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ॲटकिन्स, ऑर्निश, वेट वॉचर्स आणि झोन या चार प्रसिद्ध आहारपद्धतींची वर्षभर तुलना करण्यात आली होती. कोणती पद्धती निवडली यापेक्षा निवडलेल्या पद्धतीचे पालन किती झाले, याच्याशी वजनातील घट निगडित असल्याचे त्यातून दिसून आले. २०१८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी ६०९ व्यक्तींवर केलेल्या अभ्यासातही कमी स्निग्धांशाचा आहार आणि कमी कर्बोदकांचा आहार यांत वर्षअखेरीस उल्लेखनीय फरक आढळला नाही. याचा अर्थ काय खावे हे गौण आहे असा नव्हे. अनेक समंजस पद्धतींपैकी आपल्या घराला, पगाराला आणि वेळापत्रकाला जी मानवेल, ती दीर्घकाळ पाळता येणे निर्णायक ठरते, एवढाच त्याचा अर्थ. ‘दीक्षित की दिवेकर’ या प्रश्नाचे उत्तरही बहुधा याच दिशेने शोधावे लागेल.

‘सकारात्मक’ म्हणजे काय?

सकारात्मक राहा, हा सल्ला आज सर्वत्र मिळतो. मात्र सकारात्मकतेचे किमान दोन प्रकार आहेत आणि त्यांचे परिणाम परस्परविरुद्ध दिसतात. गॅब्रिएल एटिंगेन आणि थॉमस वॉडेन यांनी वजन घटविण्याच्या कार्यक्रमात दाखल झालेल्या २५ स्थूल स्त्रियांचा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. ‘आपल्याला हे जमेल’ अशी अपेक्षा बाळगणाऱ्या स्त्रियांचे वजन वर्षभरात अधिक घटले. याउलट, आपण सडपातळ झालो आहोत, मैत्रिणी कौतुक करीत आहेत, समोर आलेला गोड पदार्थ आपण सहज नाकारीत आहोत, अशी सुखद चित्रे मनात रंगविणाऱ्या स्त्रियांचे वजन कमी प्रमाणात घटले. अपेक्षा ही अनुभवावर उभी असते. रम्य चित्र मात्र प्रयत्न होण्यापूर्वीच फळाचा आनंद देऊन टाकते आणि वाटेतील अडचणींसाठी मन तयार ठेवीत नाही. अभ्यास लहान आहे, हे खरे. पण वजन घटविण्याच्या जाहिरातींतील ‘आधी’ आणि ‘नंतर’ची छायाचित्रे पाहताना तो आठवावा असा आहे.

अपेक्षेच्या आकाराचाही येथे संबंध येतो. गॅरी फॉस्टर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६० स्त्रियांना त्यांचे अपेक्षित वजन विचारले, तेव्हा त्यांना सरासरी ३२ टक्के वजन घटवायचे होते. सुमारे १७ किलो घट ही त्यांच्या दृष्टीने ‘निराशाजनक’ होती. ४८ आठवड्यांच्या उपचारांनंतर प्रत्यक्षात सरासरी घट साधारण १६ किलो झाली. वैद्यकीय दृष्टीने हे उत्तम यश. तथापि जवळजवळ निम्म्या स्त्रियांना स्वतः ठरविलेली ‘निराशाजनक’ पातळीही गाठता आली नव्हती. यशस्वी असूनही स्वतःला अयशस्वी समजणारी माणसे कशी निर्माण होतात, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण आहे. अमेरिकेतील मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमात उद्दिष्ट केवळ ७ टक्के वजनघटीचे आणि आठवड्यास १५० मिनिटांच्या व्यायामाचे होते. २००२ च्या अहवालानुसार तेवढ्याने मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. ८० किलो वजनाच्या प्राध्यापकासाठी ७ टक्के म्हणजे साडेपाच किलो होतात. एवढे साध्य झाल्यास लग्नसमारंभात कोणाच्या ते लक्षातही येणार नाही, पण त्याच्या स्वादुपिंडाला ते जाणवेल.

वजनकाट्याची भाषा आणि भारतीय शरीर

बहुतेकांचे मनोबल सकाळच्या वजनकाट्याशी बांधलेले असते. म्हणून काटा नेमके काय सांगतो, हे समजून घेणे आवश्यक ठरते. यकृतात व स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साठविलेल्या प्रत्येक ग्रॅम साखरेसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी साठलेले असते. आहार कमी करताच प्रथम हा साठा रिता होतो, आणि पहिल्या दहा दिवसांत दोन-तीन किलो वजन झपाट्याने उतरते. आनंद होतो, परंतु त्यातील बराच भाग पाण्याचा असतो. पुढे एखाद्या जेवणात लोणचे-पापड अधिक झाले, किंवा स्त्रियांच्या बाबतीत मासिक पाळी जवळ आली, की एक-दोन किलो परत दिसू लागतात. त्यात चरबी वाढलेली नसते. काट्याला चरबी, पाणी, स्नायू आणि पोटातील अन्न यांतील भेद कळत नाही. तो बेरीज सांगतो.

याशिवाय शरीर स्वतः प्रतिकार करते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिले, की वजन घटविल्यानंतर वर्षभरानेही भूक वाढविणारी आणि तृप्ती देणारी संप्रेरके पूर्ववत झालेली नसतात. भूक अधिकच लागत राहते. वजन कमी झालेले शरीर उष्मांकही कमी खर्च करते. त्यामुळे काही महिन्यांनी वजन एका जागी थांबणे हे आळसाचे लक्षण नसून अपेक्षित घटना होय. हे आधीच ठाऊक असलेली व्यक्ती त्या टप्प्यावर थबकते. ज्याला ठाऊक नाही, तो तेथून परत फिरतो.

भारतीयांच्या बाबतीत यात आणखी एक पदर आहे आणि त्याचा शोध पुण्यात लागलेला आहे. के. ई. एम. रुग्णालय, पुणे येथील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनमधील त्यांचे सहकारी प्रा. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचाही देहवस्तुमान निर्देशांक, म्हणजे बीएमआय, २२.३ होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के होती. उंची व वजनाच्या तक्त्यात एकाच चौकटीत बसणारी ही दोन शरीरे आतून इतकी भिन्न होती. संशोधकाने स्वतःचेच शरीर पुरावा म्हणून पुढे करावे, हे शिक्षकवर्गाला विशेष भावण्यासारखे आहे. पुण्याजवळील सहा खेड्यांत १९९३ पासून सुरू झालेल्या मातृपोषण अभ्यासातूनही हेच सूत्र पुढे आले : तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे ३.५ किलो, पण पुण्याकडील बालकांच्या शरीरात स्नायू कमी असूनही त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला किरकोळ, परंतु आतून मेदयुक्त अशी ही शरीररचना जन्मापासूनच आढळते. ‘मी तर बारीक आहे, मला कशाला काळजी?’ म्हणणाऱ्या सहकाऱ्यांनाही हे लागू पडते. याच कारणाने २००९ च्या भारतीय सहमती-मार्गदर्शनात बीएमआय २३ पासून अतिरिक्त वजन आणि २५ पासून स्थूलता मानण्यात आली, आणि कंबरेच्या घेराची मर्यादा पुरुषांसाठी ९० व स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ठरविण्यात आली.

आता मुख्य मुद्द्याकडे येता येईल. चेन्नई येथील डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांचा भारतीय मधुमेह प्रतिबंध कार्यक्रम मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ व्यक्तींवर राबविण्यात आला आणि त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. आहार व चालणे यांबाबत नियमित मार्गदर्शन मिळालेल्या गटात मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला. विशेष म्हणजे या गटाच्या वजनात लक्षणीय घट झालेली नव्हती. ही माणसे जर घरच्या वजनकाट्यालाच परीक्षक मानून बसली असती, तर त्यांनी स्वतःला नापास ठरविले असते. मधुमेह टळत होता, आणि काटा ढिम्म होता.

म्हणून वजनकाटा फेकून द्यावा, असे सुचवावयाचे नाही. आठवड्यातून एकदा, त्याच वारी, सकाळी उपाशीपोटी वजन करून महिन्याचा कल पाहणे उपयुक्तच आहे. परंतु त्याच्या शेजारी शिंप्याची टेप असावी. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, सहज श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता महिन्यातून एकदा घेर मोजावा. डॉक्टरांच्या सल्ल्याने तीन महिन्यांनी एचबीए१सी तपासावे. लाल रक्तपेशींचे आयुष्य साधारण तेवढेच असल्याने त्याआधीची घाई व्यर्थ असते. डॉ. दीक्षित यांच्या मोहिमेत उपाशीपोटीचे इन्शुलिन आणि एचबीए१सी यांच्या तपासणीवर भर दिला जातो. आहाराच्या वेळांबाबत मतभेद असले, तरी प्रगती रक्तात पाहण्याची ही सवय मनोबलाच्या दृष्टीने निश्चितच स्वागतार्ह आहे. महाविद्यालयाचे दोन जिने न थांबता चढता येणे, हेही एक मापच होय. त्याला शुल्क लागत नाही.

राजगुरुनगर–चाकण परिसराचा संदर्भ

मनोबल हा केवळ मनाचा गुण नसून दिनक्रमाचाही असतो. आपल्या परिसराचा दिनक्रम गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आमूलाग्र बदलला. चाकणच्या कांदा-बटाट्याच्या बाजाराभोवती मोटारींचे कारखाने उभे राहिले. फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला. शेताच्या बांधावरून चालणारी पिढी दुचाकीवर आली. पुण्याहून किंवा भोसरीहून राजगुरुनगरला येणाऱ्या प्राध्यापकाचा बराच वेळ पुणे–नाशिक महामार्गावर चाकणच्या कोंडीत जातो. घरी पोहोचेपर्यंत भूक आणि चिडचिड यांतील सीमारेषा उरलेली नसते. अशा वेळी गाडी थांबते ती वडापावच्या गाडीपाशी. याला इच्छाशक्तीचा अभाव म्हणणे अन्यायाचे होईल.

आपल्या विद्यार्थ्यांपैकी आणि त्यांच्या पालकांपैकी अनेक जण पाळीत काम करतात. रात्रपाळीनंतर वर्गात डुलक्या घेणारा विद्यार्थी आपणास परिचित आहे. शिकागो विद्यापीठातील एका छोट्या अभ्यासात १२ निरोगी तरुणांची झोप दोन रात्री चार तासांवर आणली असता भूक वाढविणारे घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले आणि तृप्तीशी संबंधित लेप्टिन १८ टक्क्यांनी घटले, असे २००४ मध्ये आढळले. ज्याची पाळी दर आठवड्याला बदलते, त्याने ‘रात्री सातनंतर खाऊ नये’ हा नियम कसा पाळावा? त्याच्यासाठी नियम घड्याळाला नव्हे, तर पाळीला बांधावा लागतो : पाळीवर निघण्यापूर्वी घरचे मुख्य जेवण, मध्यरात्री कँटीनमध्ये हलके काही, घरी आल्यावर आधी झोप. न पाळता येणारा नियम स्वीकारला, की रोज एक पराभव पदरी पडतो.

येथे मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांची ‘जर-तर’ निश्चयाची कल्पना उपयोगी पडते. ‘मी कमी खाईन’ हा संकल्प झाला. ‘चाकण चौकात गाडी अडकली, तर मी पिशवीतील फुटाणे खाईन’ हा जर-तर निश्चय. गोल्विट्झर आणि पास्कल शीरन यांनी २००६ मध्ये ९४ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेऊन अशा निश्चयांचा परिणाम मध्यम ते मोठ्या स्वरूपाचा असल्याचे दाखविले. मोहाच्या क्षणी निर्णय घ्यावाच लागू नये, तो आधीच घेतलेला असावा, हे त्यामागील तत्त्व होय. चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या, की पाहुणचार टाळता येत नाही, आणि टाळूही नये. ‘जत्रेला गेलो, तर जेवेन, दुसऱ्या दिवशी नेहमीचे जेवण’ एवढे आधी ठरविले, तरी पुरते.

चुकलेला दिवस

प्रयत्न सुटतो तो बहुधा एखाद्या मोठ्या संकटामुळे नव्हे, तर दिवाळीच्या चार करंज्यांमुळे. पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांच्या १९७५ मधील प्रयोगात आधी मिल्कशेक पाजल्यानंतर सर्वसाधारण व्यक्तींनी आइस्क्रीम कमी खाल्ले, तर सदैव पथ्य पाळणाऱ्यांनी उलट अधिक खाल्ले. ‘नाहीतरी आजचे पथ्य मोडलेच आहे, मग आता सोमवारपासून’ हा आपल्या सर्वांच्या परिचयाचा विचार त्यामागे असतो. खरी हानी चार करंज्यांनी होत नाही. सोमवारपर्यंतच्या दिवसांत होते. लंडनमधील फिलिपा लॅली यांच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार नवी सवय अंगवळणी पडण्यास १८ ते २५४ असे कितीही दिवस लागू शकतात. मध्यक ६६ दिवसांचा होता. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा अडथळा येत नाही, हेही त्यात दिसून आले. २१ दिवसांच्या संकल्पांचे सध्याचे पीक पाहता ही आकडेवारी स्टाफरूमच्या फलकावर लावण्यास हरकत नसावी.

घर, स्टाफरूम आणि सोबत

‘सर, पोट सुटलं बरं का!’ हे वाक्य आपल्याकडे आपुलकीने उच्चारले जाते. बोलणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो. तथापि अँजेलिना सुटिन आणि अँटोनिओ टेरासियानो यांनी २०१३ मध्ये अमेरिकेतील सहा हजारांहून अधिक प्रौढांच्या पाहणीतून दाखविले, की वजनावरून भेदभाव अनुभवलेल्या व्यक्ती पुढे स्थूल होण्याची शक्यता सुमारे अडीच पट होती. टोमण्याने माणूस सुधारतो, या समजुतीला अशा निष्कर्षांतून आधार मिळत नाही. वर्गात एखाद्या विद्यार्थिनीच्या शरीरयष्टीवर झालेला विनोद शिक्षकाने हसून सोडून देणे, हा या दृष्टीने गंभीर प्रश्न आहे.

दुसरीकडे आग्रह. ‘घ्या हो, एका पेढ्याने काय होतंय?’ यास नकार देणारा माणूस उद्धट ठरतो. विशेषतः घरातील स्त्रीची कोंडी होते. सर्वांसाठी रांधायचे, उरलेले वाया जाऊ नये म्हणून तेही संपवायचे, चालायला बाहेर पडायचे तर भाजी निवडणे राहते. महाविद्यालयातील प्राध्यापिका पहाटे तीन डबे भरून निघते आणि सायंकाळी पुन्हा ओट्यापाशी उभी राहते. तिला ‘स्वतःसाठी वेळ काढा’ असे सांगण्यापूर्वी तो वेळ घरातील दुसऱ्या कोणी मोकळा करून द्यावा लागतो. पतीने व मुलांनी आठवड्यातील तीन सायंकाळचा स्वयंपाक उचलला, तर तिला प्रेरणेवरील व्याख्यानाची गरज बहुधा पडणार नाही.

सोबतीचे सामर्थ्य आपल्या तालुक्याला शिकविण्याची आवश्यकता नाही. आळंदी खेड तालुक्यातच आहे. एरवी बाजारापर्यंतही रिक्षाने जाणारी माणसे दिंडीत सुमारे अडीचशे किलोमीटर चालत पंढरपूर गाठतात. वारी ही वजन घटविण्यासाठी नसते, हे सांगणे नकोच. परंतु तिच्या रचनेकडे अभ्यासक म्हणून पाहता येते. रोजचा टप्पा ठरलेला असतो, मुक्काम ठरलेला असतो, मागे पडणाऱ्यासाठी कोणीतरी थांबते आणि पंढरपूर किती दूर आहे याचा हिशेब रोज कोणी करीत बसत नाही. महाविद्यालयात तासिका संपल्यावर चार-पाच सहकाऱ्यांनी मैदानाला ठरावीक फेऱ्या मारणे, हे याच तत्त्वाचे छोटे रूप ठरेल. एकट्याने ठरविलेले फिरणे पावसाच्या पहिल्या सरीला बंद पडते. खाली कोणी वाट पाहत उभे असेल, तर छत्री घेऊन उतरावे लागते.

मनोबलाच्या मर्यादा

सर्व काही मनावर सोपविणेही चुकीचे ठरेल. थायरॉईडचे विकार, पीसीओएस, स्टिरॉइड्स व काही मानसोपचारांची औषधे यांमुळे वजन वाढते. तेथे आधी तपासणी हवी. इन्शुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी जेवणांची संख्या स्वतःच्या मनाने घटविल्यास रक्तातील साखर धोकादायक रीतीने उतरू शकते. टिर्झेपटाईड आणि वजन घटविण्यासाठीचे सेमाग्लुटाईड ही इंजेक्शने २०२५ मध्ये भारतात उपलब्ध झाली. भूक हा चारित्र्याचा नव्हे तर संप्रेरकांचा विषय आहे, हे त्यांच्या परिणामांवरून सर्वसामान्यांच्याही ध्यानात येऊ लागले. मात्र ती बंद केल्यावर वजन बव्हंशी परत येते, आणि ती वैद्यकीय देखरेखीशिवाय घेऊ नयेत. सतत उदास वाटणे, झोप न लागणे, लपून खाणे, खाल्ल्यानंतर मुद्दाम उलटी काढणे, अशी लक्षणे स्वतःत किंवा विद्यार्थ्यांत आढळल्यास आहारतज्ज्ञाच्या तक्त्याआधी मानसोपचारतज्ज्ञाची भेट घेणे आवश्यक आहे. आणि अशा विद्यार्थ्याला तेथवर सोबत नेणारी व्यक्ती अनेकदा त्याचा वर्गशिक्षकच असू शकते.